शेवटच्या रांगेपर्यंत: ग्रीन डेचा ‘डूकी’

जत्रेतल्या नाटकाचा साऊंड चांगला की वाईट, हे आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याच्या भागात, एकाच गोष्टीवरून ठरतं. अगदी मागे, खाज्याच्या दुकानांपाशी उभ्या असलेल्या माणसाला नटाचा शब्द कळला का? आवाज मोठा असून भागत नाही. बेसचे दोन स्पीकर जास्त लावले की मोठा आवाज कोणीही काढतो. शब्द पोचवणं हे काम वेगळं. मी साऊंडवाला आहे. नाटकं, भजनाच्या स्पर्धा, लग्नं, फेस्तं, सगळीकडे माझी सिस्टिम जाते. नवीन जागी ती उभी केली की तपासायला काही ठरलेली गाणी लावतो आणि त्यांत ग्रीन डे या अमेरिकन बँडच्या ‘डूकी’ या अल्बममधली दोन-तीन असतातच. देवळाच्या कमिटीतलं कोणीतरी लगबगीने येऊन विचारतं, “हें कितें लायलां रे, जत्रेक?” मी सांगतो, दोन मिनिटं द्या, मग अभंग लावतो. दोन मिनिटं पुरतात, कारण यातली गाणीच मुळात दोन-तीन मिनिटांची आहेत.

हा अल्बम १ फेब्रुवारी १९९४ला निघाला. चौदा गाणी, साधारण एकोणचाळीस मिनिटं. पंक म्हणजे साधं, आडदांड रॉक; त्याचा वेग आणि दणका तसाच ठेवून त्यावर कोणालाही गुणगुणता येईल अशी चाल बसवायची, याला पॉप पंक म्हणतात. हा प्रकार यांनी शोधला नाही, तो आधीपासून होता. पण घराघरांत तो पोचला तो या अल्बमने. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटी प्रती गेल्याचं प्रमाणपत्र १९९९मध्येच मिळालं, त्याआधी १९९५मध्ये पर्यायी संगीताच्या विभागात ग्रॅमी मिळालं, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तो घेतला. हे सगळं कोणीही शोधून काढील. मला सांगायचंय ते वेगळं. छोट्या रेकॉर्ड कंपनीतून मोठ्या कंपनीत गेल्यावर जो पैसा मिळाला, तो या पोरांनी आणि त्यांच्या निर्मात्याने कशावर खर्च केला, हे या अल्बममध्ये स्पष्ट ऐकू येतं. तो स्वच्छतेवर खर्च झालाय. सजावटीवर जवळजवळ काहीच नाही.

बँड तिघांचा. गिटार आणि गाणं बिली जो आर्मस्ट्राँगचं, बेस गिटार माइक डर्न्टची, ड्रम्स ट्रे कूलचे. अल्बम निघाला तेव्हा तिघांपैकी एकालाही बावीस पूर्ण झाली नव्हती. बिली जो कॅलिफोर्नियातल्या रोडिओ नावाच्या गावचा, तिथे तेव्हा तेलशुद्धीकरण कारखाना होता. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझही वाजवायचे. मुलगा दहा वर्षांचा असताना कर्करोगाने गेले. ट्रे कूल तर बारा वर्षांचा असल्यापासून बँडमध्ये वाजवत होता, आणि त्या बँडचा म्होरक्या लॅरी लिव्हरमोर याच्याच लुकआउट या छोट्या कंपनीने ग्रीन डेचे पहिले दोन अल्बम काढले. दुसरा ‘करप्लंक’, १९९१च्या अखेरीस आलेला. छोट्या कंपनीच्या मानाने तो भरपूर खपला आणि मग मोठ्या कंपन्या दारात उभ्या राहिल्या. बँड गेला रिप्रीजकडे, वॉर्नरच्या छत्राखाली. रिप्रीज मूळची फ्रँक सिनात्राने १९६०मध्ये काढलेली कंपनी, हे मला फार गमतीचं वाटतं.

बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर एक जागा आहे. स्वयंसेवक चालवतात, १९८६च्या शेवटच्या रात्री ती सुरू झाली. दारू नाही, वंशभेद नाही, आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवता येत नाही असा नियम. ग्रीन डे याच जागेत वाढला. १९९३मध्ये रिप्रीजशी करार झाला आणि त्यांना दार बंद झालं. ते पुन्हा तिथे वाजवायला गेले ते थेट २०१५मध्ये, मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी. मधली बावीस वर्षं जुन्या मित्रांपैकी कित्येक जण त्यांना विकले गेलेले म्हणत राहिले.

मला तो नियम समजतो. ज्याने घाम गाळून जागा उभी केली, त्याने ती राखावी. पण ‘विकले गेले’ हा आरोप मला गोव्यात बसून पटत नाही. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई इथेच राहिल्या असत्या तर त्यांचं गाणं आपल्यापर्यंत कसं पोचलं असतं? त्या मुंबईला गेल्या, कंपन्यांच्या तबकड्यांवर गायल्या. केसरबाईंची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. त्यांना कोणी विकली गेलेली म्हटलं नाही, कारण तबकडीवर जे ऐकू आलं ते त्यांचंच गाणं होतं. तपासायचं असेल तर हेच तपासावं. मोठ्या कंपनीच्या तबकडीवर ऐकू येतंय ते त्यांचं आहे का?

ग्रीन डेच्या बाबतीत हे तपासायला एक सोय आहे. ‘वेलकम टू पॅरडाइस’ हे गाणं ‘करप्लंक’वरही आहे आणि ‘डूकी’वरही. आईचं घर सोडून पडक्या वस्तीत राहायला गेलेल्या मुलाचं गाणं. सुरुवातीला घाबरलेला असतो, मग तीच गलिच्छ जागा त्याला आपली वाटू लागते. दोन्ही मुद्रणं चांगल्या हेडफोनवर एकापाठोपाठ ऐका. चाल तीच, वेग जवळपास तोच, मधला वाद्यांचा लांब तुकडाही तोच, जिथे बेस घोळत घोळत चढत जाते आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. नवीन वाद्य एकही नाही. तंतुवाद्यांचा ताफा नाही, कोरस गाणाऱ्या बायका नाहीत, कीबोर्ड नाही. मग बदललंय काय? पहिल्या मुद्रणात गिटार, झांजा आणि गळा एकमेकांच्या अंगावर पडतात. दुसऱ्यात प्रत्येकाला आपापली जागा मिळालीय. बेसच्या त्या चढत्या तुकड्यात एकेक सूर सुटा कळतो. गळा पुढे आलाय आणि कोरडा आहे, त्यावर प्रतिध्वनीचा थर नाही. आमच्या धंद्यात ज्याला आवाज येत नाही तो एको वाढवतो. इथे तो मोह टाळलाय.

मुद्रण बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत झालं, साधारण तीन आठवड्यांत. निर्माता रॉब कव्हॅलो. पहिलं मिक्सिंग, म्हणजे सुटी मुद्रित केलेली वाद्यं आणि गळा यांची जुळणी, बँडला पसंत पडलं नाही, त्यांना आणखी कोरडा आवाज हवा होता, म्हणून सगळं पुन्हा मिक्स केलं गेलं. त्या मिक्सिंगवर जेरी फिनचं नाव आहे. पुढे या प्रकारच्या संगीतातले कित्येक गाजलेले अल्बम त्याच्या हाताखालून गेले. एकविशीतल्या पोरांनी पहिल्याच मोठ्या अल्बमच्या वेळी, कंपनीचे पैसे खर्च झालेले असताना, ‘हे नको, पुन्हा करा’ म्हणणं सोपं नसतं. आणि निर्मात्याने ते ऐकणं त्याहून कठीण. माझ्या अनुभवात नाटकाचा दिग्दर्शक ‘माइक बदल’ म्हणाला की निम्मे साऊंडवाले त्याच्यावर डोळे वटारतात.

आता गाण्यांकडे येतो. सगळ्यांवर लिहिणार नाही.

पहिलं ‘बर्नआउट’. ते सुरू होतं तेच ड्रम्सवर झेप घेऊन. शेवटाकडे सगळी वाद्यं थांबत थांबत ट्रे कूलला मोकळ्या जागा देतात आणि तो त्या छोट्या छोट्या तुकड्यांनी भरतो. तबल्याच्या साथीत गायक तिहाईसाठी जागा सोडतो ते ज्यांना आवडतं, त्यांनी हा भाग ऐकावा. मला तो कधीही पुरेसा वाटत नाही. ट्रे कूल फार वेगात वाजवतो म्हणून त्याचं नाव घेतात, पण त्याचा खरा गुण असा की त्या वेगातही दोन ठोक्यांमधलं अंतर ढळत नाही. हात जोरात पडतो आणि तरी लय पळत नाही. लग्नांत ड्रम्स वाजवणारा माझा एक सांताक्रूझचा मित्र आहे. त्याने आपल्या दोन्ही मुलांना शिकवायला याच अल्बमपासून सुरुवात केली.

‘चम्प’ संपता संपता एक लांब चढण आहे. तीच फुटते ती थेट ‘लाँगव्ह्यू’त. मध्ये शांतता नाही. सीडीवर किंवा तबकडीवर ऐकणाऱ्याला हा सांधा मिळतो, मोबाइलवर गाणी उलटसुलट लावणाऱ्याचा तो हुकतो, म्हणून सांगतोय. ‘लाँगव्ह्यू’ हे या अल्बममधलं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, होतं आणि माझ्या मते सगळ्यात धाडसी. सगळीकडे धावपळ चालू असताना इथे लय एकदम झुलती होते, दादऱ्याच्या अंगाची. कडव्यांत गिटार जवळजवळ नाहीच. बेस, ड्रम्स आणि गळा. घरात पडून टीव्ही बघणारा, कशातच मन नसलेला, नोकरी नसलेला मुलगा काय काय करून दिवस घालवतो ते सगळं न लाजता सांगितलंय. काही गोष्टी मोठ्यांसमोर ऐकाव्यात अशा नाहीत, ते आधीच सांगून ठेवतो. मग धृपदात गिटार कोसळते. ती जी पोकळी आधी ठेवलीय, तिच्यामुळे ती भिंतीएवढी वाटते. आवाज मोठा करायचा असेल तर आधी कमी ठेवावा लागतो, हे मी नव्या पोरांना शिकवताना ‘लाँगव्ह्यू’ लावून दाखवतो. पत्र्याच्या मंडपात बेस घुमते का, हे तपासायलाही याच्यासारखं गाणं नाही. माइक डर्न्टचे सूर एकमेकांत मिसळले की समजायचं, बेसच्या स्पीकरचा आवाज खाली घ्यायला हवा.

‘शी’ त्याच पद्धतीचं, पण वेगाने. बेस आणि गळा आधी, गिटार मागून. एका मैत्रिणीने बिली जोला एक स्त्रीवादी कविता दाखवली, त्यातून हे गाणं आलं. मुलीच्या वतीने बोलायचा आव तो आणत नाही. तिच्या मनात जे कोंडलंय ते तिने ओरडून काढावं आणि ते ऐकायला मी तयार आहे, इतकंच म्हणतो. पंकमधल्या पोरांनी पोरींबद्दल लिहिलेली किती गाणी इतकी साधी आणि आदराची आहेत? मला फार आठवत नाहीत.

आणि ‘बास्केट केस’. यावर थांबायला हवं.

सुरुवातीला नुसती गिटार, तारा तळव्याने दाबून वाजवलेली, आणि त्यावर उघडा गळा. बाकीचे दोघे हळूहळू येतात. आमच्या गावात पेटी वाजवणारे एक मास्तर आहेत, सत्तरी ओलांडलेले. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही. एकदा तपासणी चालू असताना ते पेटी मांडून बसले होते, त्यांनी दोन पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, “काळी दोनवर आहे हा.” बरोबर होतं. या अल्बमभर गिटारी अर्ध्या सुराने उतरवून लावल्यात, त्यामुळे हातात धरलेली पट्टी एक आणि कानावर येणारी दुसरी. मग मास्तरांनी त्याखालचे स्वरसमूह (कॉर्ड) शोधत शोधत गाणं संपेपर्यंत साथ दिली. ते शोधायला त्यांना अवघड गेलं नाही, कारण तो क्रम जवळजवळ पाखेलबेलच्या कॅननचा आहे, चर्चमधल्या लग्नात व्हायोलिनवर जो कायम ऐकू येतो. इतकी जुनी, इतकी पाठ झालेली वाट घेऊनही गाणं नवं वाटतं ते त्यावरच्या शब्दांमुळे.

बिली जोला घाबरं होण्याचे झटके यायचे. छातीत धडधड, आपल्याला वेड लागतंय की काय ही भीती. पुढे डॉक्टरांनी त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणून नाव दिलं, पण गाणं लिहिलं तेव्हा त्याला ते नावही माहीत नव्हतं. म्हणून गाण्यात निदान नाही, उपाय नाही. फक्त समोरच्याला विचारणं आहे: माझी ही रड ऐकायला तुला वेळ आहे का? मी वेडा होतोय का? आणि ते विचारायला त्याने जी चाल निवडलीय ती इतकी उसळती आहे की हजारो माणसं उड्या मारत हाच प्रश्न एकत्र ओरडतात. याचा व्हिडिओ एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयात काढलाय, कृष्णधवल चित्रीकरण करून मग त्यावर भडक रंग चढवलेत. व्हिडिओ चांगला आहे, पण गाण्याला त्याची गरज नाही.

माझ्याकडे केबल ओढायला येणाऱ्या एका मुलाला असंच व्हायचं. सामान चढवता चढवता खाली बसायचा, पांढरा पडायचा. ईसीजी स्वच्छ आला. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवले, तेही केलं ते चांगलं केलं. एकदा त्याने विचारलं, हा माणूस काय म्हणतो या गाण्यात? मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, परत लावा. पुढे तो डॉक्टरकडे गेला, औषध चालू आहे, कामावर येतो. ते श्रेय मी गाण्याला देणार नाही. पण आता सिस्टिम तपासताना हे गाणं तोच लावतो, मला सांगावं लागत नाही.

‘व्हेन आय कम अराउंड’ सगळ्यांना माहीत असलेलं. मध्यम लय, चार स्वरसमूहांचा एकच आकडा जवळजवळ सगळ्या गाण्याभर. गिटार शिकणारं प्रत्येक पोर ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाजवायला लागतं. सोपं आहे म्हणून कमी लेखू नका. त्या आकड्यावर बेस काय करते ते ऐका. गिटार एकाच जागी उभी असते, आणि डर्न्ट तिच्याभोवती फिरून गाणं पुढे नेतो.

‘कमिंग क्लीन’ दीड मिनिटाचंच आहे. सतराव्या वर्षी स्वतःच्या लैंगिकतेचा उलगडा होऊ लागलेल्या मुलाचं. आई-वडिलांना हे कधी कळेल का, हा प्रश्न त्यात आहे. बिली जो १९९५मध्ये मुलाखतीत आपल्याबद्दल उघडपणे बोलला, आणि १९९४च्या दौऱ्यावर त्यांनी आपल्याआधी वाजवायला पॅन्सी डिव्हिजन हा समलिंगी तरुणांचा बँड बरोबर नेला होता. टीव्हीवर बघून आलेला, यांतलं काहीच माहीत नसलेला प्रेक्षक समोर असताना. कंपनीला याने चार प्रती कमीच खपतील अशी भीती वाटली असणार, असं मला वाटतं. विकल्या गेलेल्या माणसाला हे करायचं काही कारण नव्हतं.

सगळंच आवडतं असं नाही. ‘हॅविंग अ ब्लास्ट’मध्ये अंगावर स्फोटकं बांधून सगळ्यांना घेऊन मरायची भाषा आहे. रागाच्या भरात एखादा पोरगा असं बोलतो हे मान्य, पण १९९४नंतर जगात जे जे घडलं ते कानांत असताना ते गाणं मला ऐकवत नाही. चाल उत्तम आहे, तरी मी पुढे ढकलतो. ‘पुलिंग टीथ’ची गोष्ट दुसरी. उशांच्या मारामारीत डर्न्टचा हात मोडला त्यावरून सुचलेलं, प्रेयसीच्या मारहाणीला घाबरणाऱ्या मुलाचं गाणं. सूर जुळवून गायलेलं, ऐकायला गोड आहे. पण घरातल्या मारहाणीवर विनोद करणं मला कुठल्याही बाजूने रुचत नाही. ‘सॅसाफ्रास रूट्स’ आणि ‘इन द एंड’ ही येतात आणि जातात. ‘एमिनियस स्लीपस’चे शब्द डर्न्टचे आहेत, जुना मित्र भेटतो आणि ओळखू येत नाही इतका बदललेला असतो, ते मला दरवेळी थोडं अधिक आवडतं.

मुखपृष्ठाबद्दल दोन शब्द. रिची बुचर या तिथल्याच चित्रकाराने काढलेलं व्यंगचित्र आहे. बर्कलीच्या टेलिग्राफ ॲव्हेन्यूवर स्फोट होतोय, कुत्री विमानातून आणि छपरांवरून नको ती घाण फेकतायत, आणि गर्दीत इतकी माणसं आहेत की बघत बसावं. हे मोठ्या आकारातच बघायचं. मोबाइलच्या पडद्यावर तो नुसता रंगीत ठिपका दिसतो. ज्याला परवडेल त्याने निदान या एका कारणासाठी तबकडी घ्यावी.

१४ ऑगस्ट १९९४ला वुडस्टॉकच्या पंचविसाव्या वर्षानिमित्तच्या महोत्सवात हे वाजवायला उभे राहिले, पाऊस पडून गेला होता, आणि प्रेक्षकांनी चिखलाचे गोळे फेकायला सुरुवात केली. त्यांनीही परत फेकले. शेवटी मंचावर इतकी माणसं चढली की सुरक्षारक्षकाने डर्न्टलाच प्रेक्षक समजून आडवं केलं आणि त्याचा दात तुटला. टीव्हीवर हे थेट चालू होतं, त्यानंतर अल्बमचा खप आणखी वाढला. मी ते चित्रीकरण बघतो तेव्हा मला धडकी भरते ती चिखलात पडलेल्या केबलींकडे बघून. पण त्यातूनही गाणं तुटत नाही, हे मात्र खरं. ज्यांना वाटतं की स्टुडिओने यांना चांगलं करून दाखवलं, त्यांनी ते मुद्रण ऐकावं. मार्च २०२५मध्ये ग्रीन डे पहिल्यांदा भारतात आले, मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. जत्रांचे दिवस होते, मला हलता आलं नाही. गेलेल्यांकडून ऐकलंय, आणि अजून मन त्यात आहे.

आता घ्यायचं काय ते सांगतो. माझ्याकडे आधी कॅसेट होती, तारवटी असलेल्या चुलतभावाने जहाजावरून परतताना आणलेली. इतकी वाजली की फीत ताणली गेली. मग सीडी. सीडीवर शेवटचं ‘एफ. ओ. डी.’ संपलं म्हणून बंद करू नका. ते साध्या गिटारवर हळू सुरू होऊन अर्ध्यावर फुटतं, मग शांतता, आणि त्यानंतर ट्रे कूलने एकट्याने गायलेलं एक लपवलेलं गाणं आहे. पाठीवर कुठे छापलेलं नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये तिसाव्या वर्षानिमित्त मोठा संच निघाला. मूळ अल्बम, त्याबरोबर स्टुडिओत जाण्याआधीच्या कच्च्या मुद्रणांचा भाग, वुडस्टॉकचा तो कार्यक्रम आणि १९९४चाच बार्सिलोनातला एक कार्यक्रम. महाग आहे, पण ती कच्ची मुद्रणं ऐकण्यासारखी आहेत, आणि ती ऑनलाइनही मिळतात. चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर केलेली, फीत खरखरतेय, ड्रम्स डब्यात वाजवल्यासारखे. पण गाण्यांची हाडं त्यात पूर्ण तयार आहेत. ‘बास्केट केस’चे शब्द मात्र तेव्हा वेगळेच होते, भलतीच गोष्ट होती. ते त्याने टाकून दिले आणि स्वतःच्या भीतीवर नवे लिहिले. हा बदल कोणत्याही स्टुडिओला विकत घेता आला नसता.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने साधी सीडी किंवा ऑनलाइन मूळ चौदा गाणी घ्यावीत, ओळीने, मध्ये न थांबता. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात बेस मरते, आणि बेस मेली की ‘लाँगव्ह्यू’ उरत नाही. हेडफोन नसतील तर गाडीत ऐका. तारा ओढून वाजवणारं घरात कोणी असेल तर गिटार अर्ध्या सुराने उतरवून बरोबर वाजवायला बसवा. आणि आवाज आधी निम्माच ठेवा. शब्द कळले की मग वाढवा.